सालावरून गाडीची पारख: अनुमानाचा एक प्रश्न

जुनी एसयूव्ही घेताना ‘हे साल घ्या, ते साल टाळा’ असा निवाडा सर्रास दिला जातो. वरवर पाहता तो व्यवहारातला सल्ला आहे, पण त्याची घडण पूर्ण अनुमानाची आहे. समोरची गाडी हा पक्ष, तिचे 2017 चे मॉडेल असणे हा हेतू आणि ती पुढे त्रास देईल हे साध्य. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे न्यायदर्शनातले नेहमीचे उदाहरणही असेच रचलेले आहे. त्यामुळे नैयायिकांनी त्या उदाहरणाला विचारलेले प्रश्न इथेही विचारावे लागतात. हेतू आणि साध्य यांची व्याप्ती, म्हणजे त्यांचे अटळ साहचर्य, कशावरून ठरली? ती निरपवाद आहे, की तिसऱ्याच एखाद्या गोष्टीच्या आधाराने उभी आहे?

अमेरिकेतल्या होंडा सीआर-व्हीचा दाखला या प्रश्नांसाठी फार उपयोगी आहे. 2012 ते 2014 या मॉडेलांत 2.4 लिटरचे इंजिन आणि पाच गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता; दोन्ही यंत्रणा मुरलेल्या होत्या. 2015 मध्ये गाडीची पिढी तीच राहिली, बाह्यरूपही फारसे बदलले नाही, पण आत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारे इंजिन आणि सीव्हीटी गिअरबॉक्स आला. त्या साली गाडी सिग्नलला उभी असताना थरथरते, अशा तक्रारी मोठ्या प्रमाणावर झाल्या. पुढे 2017 मध्ये पाचवी पिढी आली, तिच्याबरोबर 1.5 लिटरचे टर्बो इंजिन आले आणि त्यातून इंजिन ऑइलमध्ये पेट्रोल मिसळण्याचा प्रश्न उभा राहिला. 2018 च्या सुरुवातीला चीनमध्ये या गाडीची विक्री काही काळ थांबवावी लागली. अमेरिकेत 2017 आणि 2018 च्या गाड्यांसाठी सॉफ्टवेअर बदलून देण्यात आले आणि इंजिनाची वॉरंटी वाढवण्यात आली.

इथपर्यंतचे वाचून ‘2017 टाळा’ हा निष्कर्ष सिद्ध झाल्यासारखा वाटतो. कारणाची साखळी तपासली की त्याचे रूप पालटते. छोट्या टर्बो इंजिनात थेट फवारलेले पेट्रोल थंड सिलिंडरच्या भिंतीवर चिकटते आणि पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरते. इंजिन पुरेसे तापले तर ते उडून जाते आणि पुन्हा जळायला वर येते. कडक थंडीत दोन-तीन मैलांच्या फेऱ्या करून गाडी बंद केली, की ते तिथेच साठत राहते. मग डिपस्टिक बाहेर काढली की ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर दिसते आणि कपड्याला पुसलेल्या ऑइलला पेट्रोलचा वास येतो. ऑइल वापराने कमी व्हायचे, ते इथे वाढलेले दिसते. पातळ झालेल्या ऑइलची वंगणशक्ती घटते, आणि खरी भीती तीच आहे.

म्हणजे साध्याशी नाते आहे ते टर्बो इंजिन, थंडी आणि छोट्या फेऱ्या यांच्या एकत्र येण्याचे. न्यायशास्त्रात अशा तिसऱ्या घटकाला उपाधी म्हणतात: साध्य जिथे जिथे आहे तिथे तिथे ती असते, पण हेतू जिथे आहे तिथे ती असेलच असे नाही. जिथे अग्नी तिथे धूर, हे उलटे अनुमान याच कारणाने फसते. धुराला ओले सरपण लागते, तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असून धूर नसतो. फ्लोरिडात रोज तासभर महामार्गावर धावलेली 2017 ची सीआर-व्ही म्हणजे असा लोखंडाचा गोळा. मिनेसोटात शाळा आणि किराणा दुकान एवढ्याच फेऱ्या मारलेल्या गाडीत सरपण ओले आहे. दोघींच्या कागदांवर साल एकच. वयाने सारख्या असलेल्या या दोन गाड्यांना एकच शेरा देणे हा सदोष हेतूवर दिलेला निकाल आहे, मग तो कितीही अनुभवी माणसाने दिलेला असो.

त्याआधीचा प्रश्न असा, की ‘2017 ची सीआर-व्ही’ ही न्यायशास्त्राच्या अर्थाने खरी जाती, म्हणजे वस्तूंचा खरा वर्ग, आहे का? नैयायिक उदयनाचार्यांनी एखादा सामान्य धर्म जाती मानण्याच्या आड येणाऱ्या ज्या बाधा सांगितल्या, त्यांत संकर ही एक आहे: दोन धर्म काही ठिकाणी एकत्र आढळतात, पण प्रत्येक धर्म दुसऱ्याला सोडूनही आढळतो. 2017 चे असणे आणि टर्बो असणे यांचा संबंध नेमका असाच आहे. त्या साली अमेरिकेत एलएक्स या सर्वांत स्वस्त प्रकारात टर्बो नव्हताच, साधे 2.4 लिटरचे इंजिन होते. ही स्थिती 2019 पर्यंत टिकली. उलट टर्बो इंजिन 2018 मध्येही होते आणि 2020 मध्येही. भारतात तर पाचवी पिढी 2018 च्या ऑक्टोबरात आली ती 2 लिटरचे पेट्रोल आणि 1.6 लिटरचे डिझेल इंजिन घेऊन. न्यू जर्सीतल्या नातलगाने आपल्या अनुभवावरून पुण्यातल्या भावाला ‘2018 नको’ असे कळवले, तर गाडीचे नाव आणि साल जुळेल, इंजिन मात्र वेगळे असेल.

सालाची सीमाही दिसते तितकी स्पष्ट नाही. 2017 चे मॉडेल अमेरिकेत डिसेंबर 2016 मध्येच विक्रीला आले. गाडीच्या 17 अंकाक्षरी ओळख क्रमांकातले दहावे अक्षर मॉडेलचे साल सांगते, 2015 साठी एफ, 2017 साठी एच, 2018 साठी जे. गाडी प्रत्यक्ष कोणत्या महिन्यात बनली हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेले असते. कारखान्यात एखादा भाग सुधारला जातो तेव्हा तो साल संपण्याची वाट पाहत नाही, त्यामुळे दारावरचा महिना पुष्कळदा सालापेक्षा जास्त सांगतो. तरीही साल निरर्थक ठरत नाही. 2014 आणि 2015 यांच्यामध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही बदलले, म्हणून तिथे सालाची रेघ कारणाच्या रेघेवरच पडते आणि सालावरून केलेले अनुमान बरेच टिकते.

एवढी माहिती एकट्या गिऱ्हाईकाला प्रत्यक्षाने मिळत नाही, ती शब्दप्रमाणातून, म्हणजे इतरांच्या सांगण्यातून, येते. न्यायभाष्यात वात्स्यायनांनी आप्ताची, म्हणजे भरवशाच्या सांगणाऱ्याची, व्याख्या करताना वस्तूचे साक्षात ज्ञान आणि ते जसे आहे तसे सांगण्याची इच्छा एवढ्याच अटी घातल्या, आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू आहे असे स्पष्ट म्हटले. प्रामाण्य प्रतिष्ठेपासून सोडवणारे हे विधान आजही मोलाचे आहे. ऑइलने माखलेल्या हातांचा मेकॅनिक त्या अर्थाने आप्त ठरू शकतो. विक्रेत्याला ज्ञान असते, पण सांगण्याची इच्छा त्याच्या हिताशी बांधलेली असते. एका गाडीच्या मालकाची इच्छा शुद्ध असते, पण ज्ञान एका गाडीपुरते. मेकॅनिकलाही एक मर्यादा आहे: न बिघडलेल्या गाड्या त्याच्याकडे येत नाहीत.

अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा विभागाकडे नोंदलेल्या तक्रारींनाही हीच मर्यादा आहे. 2017 मध्ये अमेरिकेत पावणेचार लाखांच्या आसपास सीआर-व्ही विकल्या गेल्या. विक्रीचा आकडा शेजारी ठेवल्याशिवाय तक्रारींचा आकडा बोलत नाही. कमी खपाच्या गाडीच्या तक्रारी कमीच असणार. कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्था सदस्यांना सरसकट विचारते, बिघडलेली असो वा नसो, म्हणून तिची साक्ष अधिक वजनाची आहे. वीस वर्षांपूर्वीच्या गाड्यांबाबत चूक उलट्या दिशेने होते. रस्त्यावर दिसतात त्या टिकलेल्या, भंगारात गेलेल्या दिसत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात परत आलेल्या विमानांवरच्या गोळ्यांच्या खुणा तपासताना अब्राहम वाल्ड या गणितज्ञाने न परतलेल्या विमानांचा विचार करायला लावला, तो याच कारणाने.

केवळ प्रत्यक्षच मानणारा चार्वाक या सगळ्यावर आक्षेप घेईल. पाहिलेल्या गाड्यांवरून न पाहिलेल्या गाडीबद्दल बोलण्याचा अधिकार कोणी दिला? अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूमने हाच प्रश्न युरोपात विचारला. मग चालवून पाहावी आणि डोळ्यांवर विश्वास ठेवावा, हा मार्ग उरतो. पण विश्वासार्हता हा भविष्याशी जोडलेला गुण आहे, अर्ध्या तासाच्या फेरीत पुढचे पन्नास हजार मैल दिसत नाहीत. उदयनांचे उत्तर इथे समर्पक आहे. शंका कृतीशी विसंगत होईपर्यंतच घेता येते. धूर हवा असणारा माणूस आग पेटवतो. तेव्हा अग्नी हे धुराचे कारण आहे की नाही याची शंका त्याने स्वतःच सोडलेली असते. ब्रेकवर पाय ठेवून उतार उतरणाऱ्या माणसाने सर्वच अनुमाने नाकारणे असेच विसंगत आहे. मात्र या उत्तराने कारण कळलेल्या व्याप्तीचेच रक्षण होते. नुसत्या ऐकीव सालाला ते लागू पडत नाही.

शेवटी पक्ष उरतो, म्हणजे समोर उभी असलेली एकच गाडी. हेतू या पक्षात आहे का, हे पाहिल्याशिवाय कोणतेही अनुमान पुरे होत नाही. आधीची नोंदणी कोणत्या राज्यात होती, ऑइल किती मैलांनी बदलले त्याच्या पावत्या, सॉफ्टवेअर बदलून घेतल्याची नोंद आणि डिपस्टिकवरची पातळी या चार गोष्टी 2017 च्या सीआर-व्हीबद्दल सालापेक्षा अधिक सांगतात. त्या समाधानकारक असतील तर ती गाडी घ्यायला हरकत नाही, आणि कागद नसलेल्या 2014 च्या गाडीपेक्षा ती निश्चित चांगली. 2023 पासूनच्या सहाव्या पिढीबद्दल मात्र सालाच्या आधारे दीर्घकाळाचा निवाडा आज कोणालाच देता येणार नाही. त्या गाड्यांना दहा वर्षे 2033 मध्ये पूर्ण होतील.