आजचे चिंतन : दिव्य चक्षू आणि धूसर डोळा

 

आजचे वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ११, श्लोक ८.

अर्जुनाने विश्वरूप बघायची इच्छा बोलून दाखवली. त्यावर भगवंत सांगतात की तुझ्या या डोळ्यांनी मी दिसणार नाही, म्हणून मी तुला दिव्य दृष्टी देतो.

हा श्लोक ऐकला की आपलं मन लगेच "दिव्य" या शब्दाकडे धावतं. आज मी त्याच्या आधीच्या भागापाशी थांबतो. "तुझ्या या डोळ्यांनी नाही." अर्जुनाचे डोळे काही अधू नव्हते. झाडावरच्या पक्ष्यावर नजर रोखणारा तो धनुर्धर. तरी देव त्याला म्हणतो की एवढ्याने भागणार नाही. म्हणजे डोळ्याला मर्यादा असणं हा काही गुन्हा नाही. ती सगळ्यांनाच आहे, अर्जुनालासुद्धा होती.

हे आज का लिहितोय, तेही सांगतो. माझं वय ३४. मधुमेह होऊन ६ वर्षं झाली. गेल्या ८ महिन्यांपासून उजव्या डोळ्याला मधूनच धूसर दिसतं. कधी तासभर, कधी दोन दिवस, मग आपोआप निवळतं. माझं काम सगळं स्क्रीनवरचं. एक टिंब इकडचं तिकडे झालं तर प्रोग्राम चालत नाही. डोळ्यांत थेंब घालून, बाहुल्या मोठ्या करून आतला पडदा तपासून झाला, स्कॅन झाले, रक्त तपासलं. पडदा चांगला आहे. शेवटी डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "आज तरी कारण सापडत नाही. साखर सांभाळा, ३ महिन्यांनी परत या."

माउली, हे वाक्य पचवायला जड जातं. आजाराचं नाव कळलं की निदान भांडायला कुणी समोर असतं. नाव नसलं की मन स्वतःच नावं ठेवत बसतं, आणि रात्री त्यातलं सगळ्यात वाईट नाव खरं वाटायला लागतं. अशा वेळी हा अध्याय पुन्हा वाचताना चार गोष्टी हाती लागल्या.

पहिली गोष्ट धृतराष्ट्राची. युद्धाआधी व्यास त्याला दृष्टी द्यायला तयार होते. तो नको म्हणाला. आपल्याच माणसांचा संहार त्याला बघायचा नव्हता. आपण त्याला हसतो, पण मधुमेह असलेली कितीतरी माणसं डोळे तपासून घ्यायला जात नाहीत, ती याच भीतीने. काही निघालं तर? बघा, साखर वर-खाली झाली की डोळ्यातलं भिंग फुगतं आणि नंबर तात्पुरता बदलतो. ते निवळायला काही आठवडेसुद्धा लागतात. म्हणून साखर स्थिर झाल्याशिवाय नवा चष्मा करू नका असं डॉक्टर सांगतात. उलट, मधुमेहाने पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, तेव्हा सुरुवातीला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. म्हणजे धूसर दिसतं म्हणून सगळं संपलं असं नाही, आणि स्वच्छ दिसतं म्हणून सगळं ठीक आहे असंही नाही. म्हणूनच त्रास नसला तरी वर्षातून एकदा पडदा तपासायचा. आणि डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके, वीज चमकल्यासारखं किंवा पडदा ओढल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. अंगारा कपाळाला जरूर लावा. मात्र गोळी आणि इन्सुलिन वेळेवर घ्या. त्यात देवाचा अपमान नाही.

दुसरी गोष्ट "कारण" या शब्दाची. एक नातेवाईक घरी येऊन म्हणाले, "मागच्या जन्मीचं काहीतरी असेल." मी वाद घातला नाही. पण चौथ्या अध्यायात भगवंत स्वतः कर्माची गती समजायला अवघड आहे असं सांगतात. जे देवाने अवघड म्हटलं, त्याचं निदान आपण दिवाणखान्यात बसून, चहा पिता पिता कसं करणार? कारण सापडलं नाही, एवढंच खरं आहे. त्या रिकाम्या जागी पाप भरायचा अधिकार कुणालाच नाही, आपल्या स्वतःलाही नाही.

आपल्या औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगोची वेधशाळा होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ साली मंजुरी दिली. तिला ४-४ किलोमीटरच्या दोन भुजा असतील. लेझरचा प्रकाश दोन वाटांनी पाठवायचा, परत एकत्र आणायचा आणि त्यांतला सूक्ष्म फरक मोजायचा, असं ते यंत्र. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला दोन कृष्णविवरांच्या मिलनाची लहर टिपली. दुर्बिणीला जे दिसलं नसतं, ते कळलं. आणि गंमत अशी, की माझ्या पडद्याचा जो स्कॅन झाला, तोही प्रकाशलहरी एकमेकींवर आणून फरक मोजण्याच्याच तत्त्वावर चालतो. अब्जावधी वर्षांपूर्वीच्या घटनेची खूण शोधणारी युक्ती माझ्या डोळ्यात शिरली आणि म्हणाली, इथे काही सापडत नाही. मला त्यातून एवढंच कळलं की न दिसणारं कारण म्हणजे नसलेलं कारण नव्हे. थांबायचं, नोंदी ठेवायच्या, पुन्हा मोजायचं. आमच्या कामातही मधूनच येणारी चूक अशीच सापडते.

तिसरी गोष्ट दुसऱ्याच्या डोळ्यांची. गीता मुळात कुणी कुणाला सांगितली? संजयाने धृतराष्ट्राला. ज्याला दिसत नाही त्याला, ज्याला दिसतं त्याने ऐकवलेला हा ग्रंथ आहे. आपल्या शेजारच्या वऱ्हाडातले प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज १८८१ साली जन्मले आणि तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली. १९१५ मध्ये, ३४ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. एवढ्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ मागे ठेवले. त्यासाठी कुणीतरी त्यांना वाचून दाखवत होतं, कुणीतरी लिहून घेत होतं. त्यांची प्रज्ञा मोठी होतीच, पण तिला इतरांचे डोळे लागले, आणि ते त्यांनी घेतले. आता डोळा धूसर असला की मी बायकोला म्हणतो, "एवढं वाचून दाखवतेस का?" ती अध्याय वाचते, मी ऐकतो. ऐकून वाचलेली गीता थोडी जास्तच आत जाते, असा अनुभव आहे.

औंढ्याचा गाभारा ज्यांनी बघितलाय त्यांना माहीत आहे. पिंड तळघरात आहे. अरुंद पायऱ्यांनी वाकून, हाताने चाचपत उतरावं लागतं. चांगल्या डोळ्यांचा माणूसही तिथे पुढच्याच्या आधाराने उतरतो. याच क्षेत्री नामदेवरायांना विसोबा खेचर भेटले असं परंपरा सांगते. पिंडीवर पाय ठेवलेला म्हातारा नामदेवांना स्वच्छ दिसला, आणि राग आला. विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. तशी जागा काही सापडेना. देव नसलेली जागा नाही, तर माझा उजवा डोळा तरी अपवाद कसा असेल?

चौथी गोष्ट मला सगळ्यात जवळची. दिव्य दृष्टी मिळूनही अर्जुन घाबरला. विश्वरूप बघून थरथरला आणि म्हणाला, देवा, ते नेहमीचं रूप दाखव. भगवंत त्याच्यावर रागावले नाहीत. त्यांनी त्याला धीर दिला आणि ओळखीचं सौम्य रूप घेतलं. म्हणजे साधं मागणं हे हलकं मागणं नाही. "चर्मचक्षू गेले तर काय, अंतर्चक्षू आहेत" असं मला अजून म्हणवत नाही. मला पोरीचा चेहरा बघायचाय, स्क्रीनवरची ओळ वाचायचीय. हेही देवाला सांगता येतं, आणि तो ऐकतो.

आजचा नेम : घरात कुणाला मधुमेह असेल तर शेवटची डोळे तपासणी कधी झाली ते विचारा. बरेच दिवस झाले असतील तर सोबत जा. आणि ज्याला नीट दिसत नाही अशा एकाला आज थोडंसं वाचून दाखवा.

आजची प्रार्थना : हे नागनाथा, कारण कळेल तेव्हा कळो. तोवर औषध घ्यायची शिस्त दे, विचारायची लाज काढून घे, आणि उतरताना पायरी दिसली नाही तर हात धरायला कुणीतरी ठेव.

हर हर महादेव. राम कृष्ण हरी.