स्वतःपुरता सूर

एकटें असतां माणूस गुणगुणतो. कोणी आलें कीं थांबतो. ही गोष्ट इतकी नित्याची आहे कीं तिचें कोणास नवल वाटत नाहीं. परंतु थोडा विचार केला म्हणजे तींत एक कोडें आहे असें दिसून येतें. वाणी ही मनुष्यास दुसऱ्याशीं व्यवहार करण्याकरितां मिळाली, असें आपण समजतों. मग जो सूर कोणास ऐकवावयाचा नाहीं, किंबहुना कोणीं ऐकल्यास ज्याचा संकोच वाटतो, तो काढण्याचें प्रयोजन काय? आणि तो काढल्यानें जिवाला खरोखर बरें वाटत असेल, तर त्या बरें वाटण्याची योग्यता किती समजावी?

प्रथम देहाकडे पाहूं. तापानें फणफणलेला माणूस कण्हतो, आणि कामाच्या तंद्रींत असलेला माणूस गुणगुणतो. मराठीनें या दोन क्रियांस दोन नांवें दिलीं हें योग्यच झालें. पण गळ्याच्या दृष्टीनें पाहिलें तर दोहोंत फारसें अंतर नाहीं. ओंठ मिटलेले असतात आणि श्वास रोखून, लांबवून, थोडाथोडा बाहेर सोडलेला असतो. दुखणाइतास कण्हावयास कोणी शिकवीत नाहीं. देहानें ही तोड आपली आपणच काढली आहे, आणि गुणगुणणें हें तिचेंच सुखवस्तु भावंड होय.

शास्त्रज्ञांनींही इकडे लक्ष दिलें आहे. २००२ सालीं स्वीडनमधील वाइट्झबर्ग व लुंडबर्ग या संशोधकांस असें आढळून आलें कीं, नाकावाटे स्वस्थपणें श्वास सोडतांना नायट्रिक ऑक्साइड नांवाचा जो वायु बाहेर पडतो, त्याचें प्रमाण गुणगुणतांना सुमारें १५ पट होतें. नाकाभोंवतालच्या हाडांत ज्या पोकळ्या आहेत तेथें हा वायु तयार होतो, आणि नादाच्या कंपानें तेथली कोंडलेली हवा खेळती होते. गंमत अशी कीं, सारखें गुणगुणत राहिल्यास हा सांठा ओसरतो व कांहीं वेळ गप्प राहिल्यावर पुन्हा भरतो. त्याच्या आदल्याच वर्षीं, २००१ सालीं, इटलींतील संशोधकांनीं ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना व बौद्धांचा एक मंत्र हे दोन्ही म्हणवून घेऊन पाहिले. दोहोंनींही श्वास मिनिटास सहाच्या आसपास येऊन ठेपला, आणि हृदयाच्या गतीचें नियमन अधिक चांगलें झालें. धर्म दोन, भाषा दोन, श्वास मात्र एकाच चालीचा!

एवढ्या पुराव्यावर गुणगुणण्यास सर्वरोगहारक मात्रा ठरविणारे लोक हल्लीं पुष्कळ निघाले आहेत. नाकांतला वायु वाढला ही एक गोष्ट, आणि दमा हटला ही दुसरी. पहिलीवरून दुसरीवर उडी मारण्याची घाई आपल्या जुन्या ग्रंथकारानेंही येथें केलेली नाहीं. पंधराव्या शतकाच्या सुमारास झालेल्या स्वात्मारामानें हठयोगप्रदीपिकेंत प्राणायामाचे निरनिराळे कुंभक सांगितले आहेत. शीतलीनें प्लीहा, ज्वर, पित्त इत्यादि विकार जातात असें तो निःशंकपणें लिहितो. इतरांचीही फळें अशींच सढळ हातानें वांटतो. परंतु भुंग्यासारखा नाद काढावयाचा ती भ्रामरी आली कीं त्याची लेखणी एकाएकीं संयमी होते. चित्तांत एक प्रकारचा आनंद उत्पन्न होतो, इतकेंच तो म्हणतो. रोगाचें नांवही घेत नाहीं. मला हा संयम फार अर्थपूर्ण वाटतो.

पण हा आनंद तरी निर्दोष आहे काय? दुःखाचें कारण जसेंच्या तसें ठेवून त्याची धार तेवढी बोथट करणारी वस्तु ही अफूच्या जातीची नव्हे काय? या आक्षेपाची कसोटी महाराष्ट्रांत घ्यावयाची तर ती जात्यापाशींच घ्यावी लागेल. पिढ्यानुपिढ्या आमच्या स्त्रिया पहांटेच्या काळोखांत दळावयास बसल्या आणि ओव्या गात आल्या. सासुरवास, माहेरची ओढ, भावाची वाट, पंढरीची आस, हें सर्व त्यांनीं दगडापाशीं बोलून घेतलें. कोणी सुधारक म्हणेल, "ओवीनें सुनेचा जाच सुसह्य केला, म्हणजे जाचणाऱ्यांचीच सोय केली. ती गात बसली नसती तर कदाचित् उठून उभी राहिली असती." हा आरोप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. पुष्कळ घरांत तो अक्षरशः खरा ठरला असेल.

परंतु ओव्यांचे संग्रह उघडून पाहिले म्हणजे दुसरी बाजूही दिसते. साने गुरुजींनीं ओव्या जमविल्या, आणि पुढें हेमा राइरकर व गी पॉइटविन यांनीं खेडोपाडीं हिंडून लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या. त्यांत केवळ सोशिकपणा नाहीं. बाईच्या जन्माविषयींचा रोखठोक राग आहे, नवऱ्याच्या व सासरच्या वागणुकीची उघड तक्रार आहे. आणि त्याच जात्यावर, त्याच चालींत, बाबासाहेब आंबेडकरांचें नांवही येऊन बसलें आहे. ज्या सुरानें मन निजवून टाकलें असतें, त्यांत इतक्या नव्या गोष्टीला जागा झाली नसती. ज्या घरांत तिला बोलण्याची मुभा नव्हती, तेथें तिनें आपला आवाज निदान गंजूं दिला नाहीं. प्रतिकाराची वेळ येईल तेव्हां येईल. पण त्या वेळीं गळा शिल्लक तर पाहिजे.

तेव्हां दोष सुरांत नाहीं. तो दुसरीकडे शोधावा. स्वतःच्या दुःखावर स्वतः सूर धरणें निराळें, आणि दुसऱ्याच्या दुःखावर "तूं सूर धर" असें सांगून आपण मोकळें होणें निराळें. घरांतली बाई कामानें पिचून गेली असतां तिला रोज सकाळीं भ्रामरी करावयास सांगावयाचें, आणि पाण्याची बादली मात्र उचलावयाची नाहीं, असे सद्गृहस्थ आपल्या मध्यमवर्गांत दुर्मिळ नाहींत. कचेरींतला वरिष्ठही हाताखालच्या माणसास मनःशांतीचा उपदेश करतो आणि कामाचा बोजा तसाच ठेवतो. अशा तोंडून आलेली भ्रामरी म्हणजे उपचाराच्या वेषांतली हयगय होय. सल्ला शास्त्रशुद्ध असला म्हणून देणाऱ्याचें कर्तव्य फिटत नाहीं.

आणखी एक शंका राहते. घड्याळ लावून, फळाची वाट पाहत केलेलें गुणगुणणें हें गुणगुणणें उरतें काय? मला वाटतें, श्वासापुरतें तें उरत असेल. पण बरेंचसें निसटतही असेल. आपला आवाज आपणांस हवेंतून ऐकूं येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, म्हणून तो जसा आपणांस ऐकूं येतो तसा जगांत दुसऱ्या कोणास कधींच ऐकूं येत नाहीं. ध्वनिमुद्रिकेंतला स्वतःचा आवाज परका वाटतो तो यामुळेंच. या आंतल्या आवाजाकडे कोणी फळाचा हिशेब मागत नाहीं, तोंवरच बहुधा तो मोकळेपणानें येतो. अंगाई गाणारी आई मुलासाठीं गाते. स्वतःचा श्वास संथ झाला हें तिच्या गांवींही नसतें. मूल निजतें, मूठ सैल पडते, आणि तरी तिचा सूर थोडा वेळ तसाच चालूं राहतो.