मेजावरील मांजर

गेल्या नाताळात एका घरी आम्ही जेवावयास बसलो, तो शेजारच्या खुर्चीवर मांजर! गळ्यात लाल फीत, पुढ्यात बशी, बशीत काटे काढलेला मासा. आम्हांस हसू आले, राग नाही. पवित्र शास्त्रात मांजर एकदाच भेटते, बारूखच्या सहाव्या अध्यायात, तेही मूर्तींवर बसलेले. मेजाखालच्या चुऱ्यावरील कुत्र्यांचा हक्क मात्र कनानी स्त्रीने प्रभूपुढे मांडला होता.

1992 च्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाने (परिच्छेद 2418) प्राण्यांवर प्रेम करण्यास मुभा दिली आहे. केवळ माणसालाच देय असलेली माया त्यांच्याकडे वळवू नये, एवढेच बजावले आहे. ती वळली, हे ओळखावे कसे? माया काही मापाने मोजलेले तांदूळ नव्हे, की मांजराला दिली म्हणून माणसाची घटावी. आम्ही हे बोलूनही दाखविले.

तेवढ्यात आतून खोकला ऐकू आला. आजी स्वयंपाकघरात एकट्याच पाटावर जेवत होत्या. "त्यांना तिथंच बरं वाटतं, फादर," यजमानीणबाई म्हणाल्या.

आम्ही ताट उचलून आत गेलो. आजींनी आपल्या ताटातला माशाचा तुकडा मांजरासाठी बाजूला काढून ठेवला होता.