सक्ती नव्हती कोणावर?

पॅसिफिक महासागरातील न्यू ब्रिटन बेटावर रबाऊल हे बंदर आहे. ज्वालामुखीच्या खचलेल्या मुखात समुद्र शिरून ते तयार झाले. २३ जानेवारी १९४२ रोजी जपानने ते ऑस्ट्रेलियाकडून जिंकून घेतले आणि त्या परिसरात सुमारे एक लाखाचे सैन्य आणून ठेवले. डोंगर पोखरून मैलोगणती बोगदे खणले. सिंगापुरात कैद झालेल्या हजारो भारतीय सैनिकांनाही तेथे मजुरीस जुंपण्यात आले. त्यांतील कित्येक तेथल्याच मातीत विसावले. मित्रराष्ट्रांनी मात्र रबाऊलवर चाल केलीच नाही. बॉम्बवर्षाव करून त्यांनी त्याची रसद तोडली आणि ते पुढे निघून गेले. ती अफाट सेना युद्ध संपेपर्यंत तेथेच अडकून पडली.

या बंदरानजीकच्या राकुनाई गावात पीटर टो रोट हे धर्मशिक्षक होते. १९१२ साली जन्मलेले, विवाहित, लेकुरवाळे गृहस्थ. मिशनरी धर्मगुरूंना जपान्यांनी स्थानबद्ध केले, तेव्हा गावच्या श्रद्धेचा भार या प्रापंचिकाने उचलला. प्रार्थना चालविणे, बालकांना स्नानसंस्कार देणे, आजाऱ्यांची विचारपूस करणे, विवाहांची नोंद ठेवणे, हे सारे त्यांनी केले. पुढे प्रार्थनेवर बंदी आली, तरी ते गुप्तपणे चालूच राहिले.

नंतर राज्यकर्त्यांनी स्थानिक पुढाऱ्यांना खूश करण्यासाठी बहुपत्नीत्वास मोकळीक दिली. टो रोट यांनी उघड विरोध केला. त्यांना अटक झाली आणि जुलै १९४५ मध्ये तुरुंगात विषारी इंजेक्शन देऊन मारण्यात आले. पुढच्याच महिन्यात जपानने शरणागती पत्करली.

येथे एक प्रश्न आम्हांस अस्वस्थ करतो. दुसरी पत्नी करा, अशी सक्ती टो रोट यांच्यावर कोणीच केली नव्हती. आपला संसार शुचितेने करीत ते गप्प राहिले असते, तर कोणते पाप झाले असते? दुसऱ्याच्या घरात डोकावणे हा अहंकारच नव्हे काय?

प्रश्न वाजवी आहे. दुसऱ्याच्या आचरणाचा न्यायनिवाडा करण्याची हौस अनेकदा धर्मनिष्ठेचा वेश घेऊन येते. परंतु सक्ती नव्हती, असे आपण म्हणतो ते कोणाच्या बाजूने? पुरुषास मोकळीक मिळाली खरी. पण त्याच्या घरातील पहिल्या पत्नीस कोणी विचारले होते? एकाची मोकळीक ही दुसऱ्यावरची सक्ती ठरते, आणि ती सोसणाऱ्याचा आवाज बहुधा कोणाच्या कानी पडत नाही. टो रोट बोलले ते परक्याच्या पापाविषयीच्या कुतूहलाने नव्हे. ज्यांचा भार आपल्यावर आहे, त्यांच्या वतीने ते बोलले. हेरोदापुढे उभ्या राहिलेल्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानावर तरी कोठे सक्ती होती?

आपल्या घरांतही हुंडा, दारू, वाटणीत बहिणीला डावलणे अशा प्रसंगी ‘आपल्याला काय करायचे आहे?’ हे वाक्य सहज ओठांवर येते. भावाच्या राखणीविषयी काइनाने देवाला केलेला उलट प्रश्न याच जातीचा होता.

१९९५ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी टो रोट यांना धन्यवादित घोषित केले आणि १९ ऑक्टोबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्यांना संतपद दिले. पापुआ न्यू गिनीचे ते पहिले संत. आम्हां धर्मगुरूंनी विशेष ध्यानी घ्यावे ते असे की, वेदीपाशी कोणी धर्मगुरू उरला नव्हता, तेव्हा ख्रिस्तसभा एका पित्याने, एका पतीने राखली. आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक पित्याला आणि मातेला त्यांच्या मध्यस्थीने तसे बोलण्याचे धैर्य लाभो.