आजचं चिंतन: वाचलेला वेळ कोणाचा? (गीता, अध्याय 2, श्लोक 50)



आज आपल्या रोजच्या वाचनात गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला पन्नासावा श्लोक आला. योग म्हणजे कर्म करण्यातलं कौशल्य, असं भगवंत तिथे अर्जुनाला सांगतात. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी हा श्लोक ऑफिसच्या भिंतीवर किंवा ट्रेनिंगच्या स्लाइडवर पाहिला असेल. कामात हुशार व्हा, कमी वेळात जास्त उरका, असा त्याचा अर्थ तिथे लावतात. मीही बरीच वर्षं तसाच लावत होतो. म्हणून आजचं लिहिणं थोडं कबुलीसारखं आहे.

नवीन वाचकांसाठी सांगतो, मी वसई-विरारमध्ये डिलिव्हरीचा टेम्पो चालवतो. ज्याला सगळे 'छोटा हत्ती' म्हणतात, तोच. सकाळी सातला वसई फाट्याजवळच्या गोदामात माल भरायचा आणि संध्याकाळपर्यंत पन्नास-साठ घरं, दुकानं, गाळे करायचे. हे चिंतन रात्री जेवण झाल्यावर लिहितो.

या कामातलं कौशल्य मला एका म्हाताऱ्या ड्रायव्हरकाकांनी शिकवलं. पहिल्याच दिवशी मी हाताला येईल तसे खोके भरत होतो. काका म्हणाले, "अरे, शेवटचं घर आधी भर." म्हणजे ज्याची डिलिव्हरी सगळ्यात शेवटी, त्याचा खोका सगळ्यात आत. पहिला उतरायचा तो दाराशी. एवढ्या एका गोष्टीने प्रत्येक थांब्यावर होणारी उचक-पाचक थांबली.

दुसरा धडा लाइनीचा. आपलं अख्खं शहर रेल्वेने पूर्व आणि पश्चिम असं कापलेलं आहे, आणि गाडी पलीकडे न्यायला मोजकेच उड्डाणपूल. काका म्हणायचे, "दिवसातून एकदाच लाइन ओलांडायची." आधी वालीव, गोखिवरे, आचोळे, तुळिंज असं सगळं पूर्वेचं संपवायचं आणि दुपारीच पश्चिमेला उतरायचं. संध्याकाळी चर्चगेटकडून येणाऱ्या लोकल रिकाम्या व्हायला लागल्या की पुलावर अडकलात म्हणून समजा.

तिसरा धडा, उजवीकडे वळणं होतील तितकी टाळायची, कारण समोरून येणाऱ्या गाड्या संपेपर्यंत थांबावं लागतं. पुढे वाचनात आलं की अमेरिकेतली यूपीएस कंपनी हेच करते. तिकडे वाहनं उजव्या बाजूने चालतात, म्हणून ते डावी वळणं टाळतात. काकांनी यूपीएसचं नावही ऐकलं नव्हतं.

बाकी मग टायरमधली हवा सकाळीच बघणं, थांब्यावर इंजिन बंद करणं, दोन घरं आधी फोन करून "ओटीपी तयार ठेवा" सांगणं. यात कोणाचं काही जात नाही. डिझेल वाचतं, कंबर वाचते, गिऱ्हाईक खूश.

पण आकडा एकदा वाढला की तो वाढलेलाच लागतो. पंचेचाळीसचे पंचावन्न झाले, पंचावन्नचे पासष्ट. आणि मग मी एक 'कौशल्य' स्वतःच शोधून काढलं.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. नालासोपारा पूर्वेला, एका जुन्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर खोका द्यायचा होता. लिफ्ट नाही, गल्लीत पाणी. अजून नऊ घरं बाकी होती. मी गाडीतून उतरलोच नाही. फोनही केला नाही. ॲपमध्ये 'ग्राहक घरी नाही' हे बटण दाबलं आणि पुढे निघालो. दहा मिनिटं वाचली. दुसऱ्या दिवशीही तेच केलं.

तिसऱ्या दिवशी मात्र खोका द्यावाच लागणार होता. वर गेलो. दार एका ताईंनी उघडलं. आत जमिनीवर ब्लाउजपीसचे गठ्ठे आणि कोपऱ्यात झाकून ठेवलेलं शिलाई मशीन. खोक्यात मशीनची मोटर होती. ताई भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दादा, दोन्ही दिवस मी घरातच होते हो. सहा ब्लाउज द्यायचे होते, शेवटी शेजारणीला दिले शिवायला." आणि लगेच, "चार मजले चढून आलात, पाणी घ्या."

ते पाणी गळ्याखाली उतरेना. मी वीस मिनिटं वाचवली होती. पण ती आली कुठून? वेळ काही आभाळातून पडत नाही. माझी वीस मिनिटं त्या ताईंच्या दोन दिवसांतून आली होती. त्याही माझ्यासारख्याच, हातावर पोट असलेल्या.

त्या रात्री हाच श्लोक पुन्हा काढून बसलो. या वेळी आधीचे श्लोकही वाचले आणि चमकलो. फक्त दोन श्लोक आधी, अठ्ठेचाळिसाव्यात, भगवंतांनी योगाची व्याख्या आधीच केलेली आहे. तिथे ते समत्वाला योग म्हणतात. आणि लगेच पन्नासाव्यात कौशल्याला. म्हणजे ही दोन्ही एकत्रच वाचायची. ज्याच्या मनात स्वतःचं आणि समोरच्याचं एकाच तराजूत तोललं जातं, त्याच्या हातून होतं ते कौशल्य. समत्व काढून टाकलं तर मागे उरते ती नुसती चलाखी. मी भिंतीवरचा अर्धाच श्लोक वाचला होता.

आपण भक्तमंडळी एक गोष्ट विसरतो. गीता सांगणारा स्वतः त्या वेळी ड्रायव्हरच्या जागेवर बसलेला होता! पार्थसारथी म्हणजे दुसरं काय? आणि या सारथ्याने डेडलाइन कशी सांभाळली, ते महाभारताच्या द्रोणपर्वात आहे. युद्धाचा चौदावा दिवस. सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्नीत प्रवेश करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. मध्ये द्रोणाचार्यांचा व्यूह. सूर्य कलायला लागला, घोडे बाणांनी घायाळ, तहानेने व्याकूळ. यापेक्षा कडक टार्गेट कोणाला असेल? अशा वेळी रणाच्या मधोमध रथ थांबतो. अर्जुन खाली उतरून एकटा शत्रूला थोपवून धरतो, बाणाने जमीन भेदून पाणी काढतो. आणि श्रीकृष्ण घोडे सोडतात, त्यांच्या अंगातले बाण उपसतात, त्यांना पाणी पाजतात, चोळतात, खायला घालतात. मग पुन्हा जुंपतात. आणि जयद्रथ सूर्यास्ताच्या आत पडतो.

त्या दिवशी भगवंतांना वेळ हवा होता, पण तो त्यांनी घोड्यांच्या अंगातून काढला नाही.

ही गोष्ट आता मी माझ्यापुरती कसोटी म्हणून वापरतो. कुठलीही युक्ती सुचली की विचारायचं, हा वाचणारा वेळ कोणाचा आहे? खोके उलट्या क्रमाने भरले तर तो माझ्याच गोंधळातून वाचतो. उलट्या दिशेने गाडी घुसवली तर तो समोरच्या स्कूटरवाल्याच्या जिवातून वाचतो. जेवण टाळलं तर माझ्याच शरीरातून. हो, आपलं शरीरसुद्धा घोडाच आहे. 1961 सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात ड्रायव्हरला दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं लिहिलं गेलं. घोडे सोडायची वेळ कायद्यालाही कळली होती. टेम्पोच्या धंद्यात ती कितपत पाळली जाते, ते आम्हाला माहीत आहे.

आता कोणी म्हणेल, ठीक आहे, पण गाडीचा हप्ता कोण भरणार? प्रश्न खरा आहे आणि माझ्याकडे त्याला गोड उत्तर नाही. खोटं बटण दाबणं सोडल्यापासून काही दिवस तीन-चार खोके परत येतात. 'वेळ संपली' असं खरं कारण लिहितो आणि ऐकून घेतो. दोन महिने इन्सेंटिव्ह गेला. घरी सांगताना जीभ अडखळली. एकदा मुसळधार पावसात बोट पुन्हा त्या बटणावर गेलंही होतं. सुटलंय असं म्हणणार नाही. रोज सोडावं लागतं.

आणि ही कसोटी एकट्या ड्रायव्हरची नाही. तुमच्यातले कोणी ॲप बनवत असतील, कोणी टार्गेट ठरवत असतील, कोणी दहा मिनिटांत भाजी मागवत असतील. तुमच्या स्क्रीनवर जो वेळ वाचलेला दिसतो, तो कोणाच्या तरी जेवणातून, झोपेतून किंवा एखाद्या ताईच्या बंद मशीनमधून आलेला असू शकतो. मागवू नका असं मी म्हणत नाही, माझं घर त्यावरच चालतं. फक्त एकदा विचारा.

आजचा संकल्प: आज जिथे वेळ वाचवाल, तिथे क्षणभर थांबून बघा, तो कोणाच्या खिशातून आला. दुसऱ्याचा असेल, तर परत करा. आणि दारात कोणी चार मजले चढून आलं, तर फोन पहिल्या रिंगला उचला आणि पाणी विचारा. घोड्यांना पाणी पाजणं हीसुद्धा त्या सारथ्याची सेवाच आहे.

हे पार्थसारथी, गाडी माझ्या हातात आहे, पण लगाम तुझ्या हातात राहू दे.

राम कृष्ण हरी!