शब्द खरा, स्वर खोटा

असत्य बोलणें म्हणजे वस्तुस्थितीस सोडून असलेले शब्द उच्चारणें, अशी आपली सामान्य समजूत असते. परंतु शब्द निर्दोष असून केवळ सुरामुळें ऐकणाराची फसगत होत असेल, तर तिला असत्य म्हणावयाचें कीं नाहीं? अरबी बोलभाषेकडे पाहिलें म्हणजे हा प्रश्न किती निकडीचा आहे हें ध्यानांत येतें.

कैरोच्या किंवा दमास्कसच्या बाजारांत ऐकूं येणारी अरबी ग्रंथांतील अरबीहून बरीच वेगळी आहे. तींत कांहीं लहान शब्द पावलोपावलीं येतात. 'तय्यिब' याचा कोशांतील अर्थ 'चांगलें'. तो आंखूड, उतरत्या सुरांत आला तर 'ठीक, मान्य'. सूर चढला कीं 'बरें, मग पुढें?', आणि दांत आवळून लांबविला तर 'थांब, पाहून घेतों' अशी धमकी! 'यअनी' हा आपल्या 'म्हणजे'चा सख्खा भाऊ. 'प्रकृति कशी आहे?' याला नुसतें ओढलेलें 'यअनी' हें उत्तर मिळालें, तर 'चाललें आहे कसेंबसें' एवढें सारें त्यांत आलें.

या खेळांत नीतीचा प्रश्न शिरतो तो 'इन्शा अल्ला' या उद्गाराबरोबर. उद्यां अमुक करीन असें म्हणतांना ईश्वरेच्छेची जोड द्यावी, असा उपदेश कुराणाच्या १८व्या अध्यायांत आहे. त्याचा हेतु नम्रतेचा. ठाम सुरांत तो उद्गार आजही वचन ठरतो. पण सूर सैल सोडून लांबविला कीं तोच सभ्य नकार होतो. मूल खेळण्यासाठीं हट्ट धरतें, बाप सैल सुरांत 'इन्शा अल्ला' म्हणतो, आणि मूल काय तें उमजतें. येथें फसवणूक नाहीं. नकाराची धार तेवढी बोथट केलेली आहे. परंतु नव्यानें आलेला परका मनुष्य त्याच उत्तरावर विसंबून दुसऱ्या दिवशीं दारांत येऊन उभा राहिला तर? 'मीं वचन दिलें नव्हतें' हें बोलणाराचें म्हणणें शब्दशः खरें आहे. तेवढ्यानें तो सुटला काय?

शपथेच्या बाबतींत हा विचार पूर्वींच झालेला आहे. 'वल्लाह' म्हणजे ईश्वराची शपथ. पण बोलण्याच्या ओघांत ती सहज तोंडीं येते. निरर्थक शपथांबद्दल ईश्वर जाब विचारीत नाहीं, अंतःकरणानें जें जोडलें त्याबद्दल विचारतो, अशा आशयाचें वचन कुराणाच्या दुसऱ्या अध्यायांत (२२५) आहे. निरर्थक शपथ म्हणजे संवयीनें निघालेली शपथ, असें शाफिई पंथाचे धर्मशास्त्रज्ञ समजतात. हनफी पंथ, खरें मानून चुकीनें घेतलेली शपथ असा अर्थ करतो. मतें भिन्न असलीं तरी नुसत्या उच्चारावर भार नाहीं, हें दोघांसही मान्य आहे. मात्र अंतःकरण ईश्वरास दिसतें. माणसास ऐकूं येतो तो सूर. आणि बोलणें कागदावर उतरलें कीं तोही नाहींसा होतो. लिहिलेल्या जबानींत संवयीचें 'वल्लाह' आणि प्राणपणानें उच्चारलेलें 'वल्लाह' यांत तिळमात्र भेद राहत नाहीं.

शब्दाच्या आड लपणाराची कथा आपल्यासही परकी नाहीं. द्रोणपर्वांत धर्मराजानें अश्वत्थामा मेल्याचें स्पष्ट सांगितलें आणि तो हत्ती होता हें पुटपुटला. शब्द सारे खरे होते. तरीही भूमीपासून चार अंगुळें वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणीं खालीं टेकला. व्यासांनीं दोष धरला तो शब्दाचा नव्हे, आवाजाचा.

म्हणून सुराची जबाबदारी शब्दाइतकीच बोलणाराची आहे, असें मला वाटतें. दोघांस सूर सारखाच कळत असेल तेथें सैल 'इन्शा अल्ला' हा सौजन्याचा भाग आहे. ऐकणारास तो कळणार नाहीं हें ठाऊक असून उच्चारलेला तोच उद्गार असत्य आहे. अशा वेळीं साधा, उघड नकार देण्याचा वाईटपणा बोलणारानें पत्करावा. त्यानें समोरच्याचें मन क्षणभर दुखावेल खरें, पण दुसऱ्या दिवशींचा हेलपाटा तरी वांचेल.