मेंढपाळाचा हिशेब

(शास्त्रभाग : उत्पत्ती ३१:३८-४०, निर्गम २२:१०-१३, आमोस ३:१२, लूक १५:३-७)



मंडळीच्या सेवकास आपण ‘पाळक’ म्हणतो. इंग्रजी लोक त्यास ‘पास्टर’ म्हणतात. तो शब्द लॅटिन भाषेतला असून त्याचाही अर्थ मेंढपाळ असाच आहे. हे नाव आपल्या तोंडी इतके रुळले आहे की त्यात किती मोठी जबाबदारी आहे ह्याचा सहज विसर पडतो. मेंढपाळ म्हटला की खांद्यावर कोकरू घेतलेले एक शांत चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु पवित्र शास्त्र ज्या देशांत लिहिले गेले, तेथे हे काम चित्राइतके सोपे नव्हते. पुष्कळदा मेंढपाळ दुसऱ्याच्या मालकीची मेंढरे राखी, आणि एकही कमी भरले तर त्याचा जबाब त्यास धन्याला द्यावा लागे. ह्या हिशेबाविषयीच आज आम्ही चार शब्द लिहितो.

मोशेच्या नियमशास्त्रात ह्याविषयी स्पष्ट विधी आहे. राखावयास दिलेले जनावर चोरीस गेले तर राखणाऱ्याने ते भरून द्यावे. पण हिंस्र पशूने फाडले असेल, तर फाडलेला अवशेष पुरावा म्हणून आणावा, म्हणजे त्यास भरपाई पडणार नाही. अशी रीत केवळ इस्राएलातच होती असे नाही. इ. स. पूर्वी सुमारे १७५० च्या काळातील बाबेलचा राजा हम्मुराबी ह्याच्या कायद्यातही सिंहाने मारलेल्या जनावराचा दोष मेंढपाळावर येत नसे. मात्र त्याच्या हयगयीने नुकसान झाले तर ते त्यालाच भरावे लागे.

हे ध्यानात घेतले म्हणजे आमोसाचे एक वचन उलगडते. आमोस हा यरुशलेमेच्या दक्षिणेस असलेल्या तकोवा गावच्या मेंढपाळांपैकी होता. इस्राएलावर येणाऱ्या न्यायाविषयी बोलताना त्याने आपल्या धंद्यातलाच दाखला दिला : सिंहाच्या तोंडातून मेंढपाळ दोन तंगड्या किंवा कानाचा एखादा तुकडा ओढून काढतो. मेंढरू तर मेले. मग त्या तुकड्यासाठी जीव धोक्यात का घालावा? एक कारण असे की तो तुकडा धन्यापुढे बोलतो. “महाराज, मी झोपलो नव्हतो, पळालो नव्हतो, विकून खाल्ले नव्हते, मी सिंहाशी झुंजलो,” असे तो मेंढपाळाच्या वतीने सांगतो.

बंधूंनो, आता आपल्या मंडळीच्या वहीकडे वळू या. गावोगावच्या वह्यांत काही नावांवर काट मारलेली असते. एक कुटुंब दसऱ्यानंतर ऊस तोडावयास गेले. परतले, पण उपासनेस पुन्हा आले नाही. एका तरुणाचा पंचांशी लग्नाच्या खर्चावरून तंटा झाला, तेव्हापासून तो दारातूनच मागे फिरतो. एक विधवा बाई आजारात एकटी पडली. शेजारणीने अंगारा आणून दिला, आणि तिने तो लावला असे कळताच लोकांनी तिच्या घरी जाणे सोडले. वहीत शेरा मात्र लहानसा असतो : “येत नाही.” हा शेरा मेंढराविषयी सांगतो, मेंढपाळाविषयी तो काहीच सांगत नाही. धनी विचारील, “येत नाही हे कळले; पण तू गेलास काय? किती वेळा गेलास? त्या बाईच्या उशाशी कोण बसला? ह्या नावाबद्दल तुझ्या हातात कानाचा तुकडा तरी आहे काय?”

यहेज्केल संदेष्टा इ. स. पूर्वी ५९७ च्या सुमारास बंदिवान होऊन बाबेलास गेला. त्याच्या ग्रंथाच्या ३४ व्या अध्यायात इस्राएलाच्या मेंढपाळांवर, म्हणजे राज्यकर्त्यांवर व पुढाऱ्यांवर, कडक आरोप आहे. त्यांनी दूध व लोकर घेतली, पण दुखणाइतास बरे केले नाही, मोडलेल्यास बांधले नाही, हरवलेल्यास शोधले नाही, आणि सत्ता मात्र जुलमाने चालविली. लक्षात घ्या, लांडगा बाहेरूनच येतो असे नाही. कित्येक मेंढरे राखणाऱ्याच्या काठीला भिऊनच रानात पळतात.

तथापि कायद्यापुरता हिशेब देणे हा पाळकपणाचा शेवट नव्हे. याकोबाने लाबानाची मेंढरे २० वर्षे राखली. दिवसा उन्हाने व रात्री थंडीने तो पिडला गेला, त्याच्या डोळ्यांवरची झोप उडाली. आणि पशूने फाडलेले मेंढरू त्याने धन्यापुढे पुरावा म्हणून आणले नाही. ते नुकसान त्याने स्वतः सोसले. येथे मेंढपाळ एक पायरी वर चढला. निर्दोष ठरणे एवढेच त्यास पुरेसे वाटले नाही.

आणि मग आपण आपल्या प्रभूकडे पाहतो. त्याच्या दाखल्यात १०० मेंढरांपैकी १ हरवते. मेंढपाळ कानाचा तुकडा आणीत नाही. तो सबंध जिवंत मेंढरू खांद्यावर घेऊन येतो आणि शेजाऱ्यांना आनंद करावयास बोलावितो. मोलकरी लांडगा पाहून पळतो, कारण मेंढरे त्याची नव्हेत. उत्तम मेंढपाळ मेंढरांसाठी आपला प्राण देतो. इतर मेंढपाळ फाडलेल्या मेंढराचा अवशेष दाखवीत. आपल्या मेंढपाळाने स्वतःच्या हातापायांच्या खुणा दाखविल्या. रोमेतील भुयारी दफनभूमीच्या भिंतींवर आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी मेंढरू खांद्यावर घेतलेला मेंढपाळ वारंवार रंगविला, तो ह्याच आशेने.

खेड्यात एकट्याने राबणाऱ्या उपदेशक बंधूंनो, ह्या वचनांत तुम्हांला धाक आहे, तसाच दिलासाही आहे. तुम्ही पायपीट केली, रात्री जागलात, विनवण्या केल्या, तरी कोणी परत आला नाही, तर प्रभू तुमच्यावर निष्काळजीपणाचा दोष ठेवणार नाही. तो कानाचा तुकडा ओळखतो. शिवाय कळप त्याचा आहे. तुम्ही जेथे थांबता तेथून तो स्वतः पुढे शोधीत जातो. आणि तुम्हीही त्याच्या कळपातलेच एक मेंढरू आहात, हे विसरू नका.

मंडळीच्या वडिलांना व सर्व सभासदांना आमची विनंती ही की पाळकास एकट्यालाच रानात पाठवू नका. ह्या आठवड्यात वही उघडा, काट मारलेल्या नावांपैकी एक नाव घेऊन प्रार्थना करा, आणि दोघे जण मिळून त्या घरी जा. जुना तंटा उकरू नका. उपासनेस का येत नाही, हे दारातच विचारू नका. आधी ओसरीवर बसा, त्यांच्या हातचे पाणी घ्या, पोरांची नावे विचारा. मेंढरू आवाज ओळखते. तो आवाज पुष्कळ दिवसांत त्याच्या कानी पडलेला नाही.

मुख्य मेंढपाळ प्रकट होईल तेव्हा आपणा सर्वांस आनंदाने त्याच्यापुढे उभे राहता यावे, अशी कृपा तो आपणांस देवो. आमेन.